सीटकव्हरवाल्याचं मत

भुसावळ, जामनेर रोड. सकाळचे अकरा,
पारा आत्ताच त्रेचाळीसवर.
फालकसाहेबांची नवी गाडी माझ्या शेडपुढे,
अर्धी निंबाच्या सावलीत, अर्धी उन्हात.
बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक,
चाकाला चिकटलेली चिरडल्या लिंबाची साल.

कंपनीने नवा चेहरा दिलाय म्हणे.
आधीचं हसरं तोंड काढून
हे रुंद, काळं, जबड्यासारखं काहीतरी.
दिवे इतके बारीक
की गाडी उधारी मागायला आल्यासारखी बघते.

आमच्याकडे मत द्यायला आवतण लागत नाही.
पंक्चरवाला सुभान तडवी आडवा होऊन खाली शिरला:
"जमिनीले लागीन भो. वरणगावच्या गतिरोधकावर
इचं पोट खरवडलं नै, तं माही मिशी काढ."
शेजारचा बॅटरीवाला म्हणाला,
"इतल्या पैशात उंच गाडी येते. आता कोन घेते सेडान?
वाकून बसनं म्हनजे पैसे देऊन नमस्कार करनं."
केळीचा व्यापारी मुकुंदा वारके डिकी उघडून
विती मोजत बसला:
"कोरियावालीत सहा घड बसतात.
इच्यात पाच, आन् वर दोन फण्या."
झांबरे मास्तर जर्मन गाडीच्या बाजूचे:
"तिचा दरवाजा लावून पाहा. धप्प! हिचा टप्प."
मग प्रत्येकाने एकेक दरवाजा लावून पाहिला.
धप्प की टप्प, यात दोन चहा झाले,
पैसे टप्पवाल्यांनी दिले.

फालकसाहेब गप्प.
चौतीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस,
सिग्नल पडल्याशिवाय बोलत नाही.

मला चेहऱ्याचं काही नाही.
चेहरे चार-पाच वर्षांनी बदलतात, मी सीट उचलून खाली बघतो.
खाली कंपनी खोटं बोलत नाही.
कोरियावालीचा दोरा दोन उन्हाळ्यांत उसवतो,
मी अकरा शिवल्यात.
जर्मन सीट वेटिंगरूमच्या बाकासारखी,
पण नागपूरपर्यंत गेलात तर पाठ दुवा देते.
आणि हिचा फोम, आधीच्या मॉडेलपेक्षा
बोटभर कमी. तिथे वाचवले त्यांनी,
आणि जबड्यावर घातले.
वर कापड मलईच्या रंगाचं.
ज्याने निवडलं त्याने आमची काळी माती
बुटाला लागलेली पाहिली नसणार.

आठ दिवसांपूर्वी जुनी गाडी आणली होती त्यांनी,
विकायच्या आधी कव्हरं काढायला. माझीच शिवण,
चौदा वर्षांची.
मागच्या डाव्या सीटखाली निघालं:
गोळ्यांची अर्धी पट्टी, एक घडी केलेला पंचा,
जळगावच्या डायलिसिसच्या पावत्या, रबर लावून.
साहेब पावत्या मोजत बसले. मोजून
खिशात ठेवल्या. मी विचारलं नाही.

बाराला रिक्षातून दमयंतीकाकू उतरल्या.
कोणी हाक मारली नव्हती, तरी सगळे बाजूला झाले.
काकूंनी दरवाजा उघडला, गाडीकडे पाठ केली,
आधी बसल्या,
मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला,
जसं नाजूक सामान ठेवतात.
थोडा वेळ डोळे मिटून राहिल्या.
"दरवाजा जास्त उघडते पहिलीपेक्षा," म्हणाल्या,
"पाय अडकत नै." मग माझ्याकडे वळून,
"कव्हर गडद शिव रे. हे मलईचं मले आवडत नै."

बॅटरीवाल्याला उंच गाडी आठवली असेल.
बोलला नाही. नारळाच्या पाण्याला पोरगं पाठवलं.

मी पेन्सिलीने मागच्या डाव्या सीटवर खूण केली:
फोम, एक बोट जास्त.
बिलात लावायचा नाही.

सुभान अजून गाडीखालीच होता.
पाय तेवढे बाहेर.
"काकू, बसल्या का तुम्ही?" आतून आवाज आला.
"आता पाहून सांगतो…
लागीनच म्हनतो मी."